चाळणीतून गळलेल्या चार नोंदी

१

शनिवारी सकाळी एका मोठ्या हॉस्पिटलातल्या सिस्टरने इन्सुलिनची बाटली उजेडात धरली, हळूच हलवली आणि पेशंटला म्हणाली, "थांबा जरा." काचेला आतून बारीक कण चिकटले होते. तिने दुसरी बाटली काढली, मग तिसरी. सगळीकडे तेच. दुपारपर्यंत चाळीस बॉक्स औषधांच्या गोदामात परत आले. सोबत एका ओळीची चिठ्ठी होती: माल गोठलेला आहे.

इन्सुलिन दोन ते आठ डिग्रीत ठेवायचं असतं. एकदा गोठलं की संपलं. नंतर कितीही लाड केले तरी ते कामाचं राहत नाही.

गोदामात तीन कोल्ड रूम. सगळे त्यांना पहिली, दुसरी, तिसरी म्हणायचे. हे बॉक्स तिसरीत होते. दिवसातून चार वेळा तिथलं तापमान वाचायचं आणि मोबाईलवरच्या ॲपमध्ये टाकायचं, असा नियम. माल बुधवारी गेला. आदल्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, गोदामाला सुट्टी, पण नोंदी मात्र चारही हजर: ४.३, ४.७, ३.८, ४.६. ॲपमधले सगळे रकाने हिरवेगार. मग माल गोठला कुठे?

मालकीणबाईंनी दोन वर्षांच्या नोंदी ऑडिटरबाईकडे पाठवल्या. तिच्याकडे स्वतः लिहिलेला एक प्रोग्राम होता. कोर्स नाही, क्लास नाही, रात्रंदिवस डोकं आपटून शिकलेली. धाकट्या भावाने प्रोग्रामचं नाव ठेवलं होतं चाळणी. हजारो नोंदी वरून ओतायच्या, खोटं वाटेल ते वर अडकतं.

रविवारी चाळणीत अडकले आप्पा.

आप्पा म्हणजे गोदामाचे कीपर, एकतीस वर्षांची नोकरी. पहिली-दुसरीच्या त्यांच्या नोंदी ठीक होत्या. तिसरीच्या अडीच हजार नोंदींत मात्र पॉइंटनंतर एकतर शून्य नाहीतर पाच. ४.०, ४.५, ५.०. फक्त चार नोंदी सोडून. खरं माप असं येत नाही, त्यात तीन, सात, आठ सगळे आकडे मिसळून येतात. गोल आकडे कोण लिहितं? जो खुर्चीत बसून मनाने लिहितो तो. आणि तिसरी तर गोदामाच्या पार मागच्या टोकाला. म्हातारा माणूस, कशाला तेवढं चालेल?

ऑडिटरबाईने रिपोर्ट पाठवला. झोप छान लागली.

सोमवारी सकाळी मालकीणबाईंचा फोन आला. "आप्पांना काढतेय. पोलिसांत तक्रारही देणार. पाच वाजता सही करते. त्याआधी येऊन एकदा खात्री करून द्या, म्हणजे माझ्या मनाला टोचणी नको."

"येते," ऑडिटरबाई म्हणाली. "पण खात्री आहेच."

२

मॅनेजर गेटवरच उभा होता. आठ महिन्यांपूर्वी आलेला, इस्त्रीचा शर्ट, हातात रुमाल. त्याने तिला पहिली दाखवली, मग दुसरी. दोन्हींच्या दारावर हिरव्या आकड्यांचे मीटर, लांबून दिसणारे.

"तिसरी?" तिने विचारलं.

"मालकीणबाईंनी शनिवारीच सील केलीय. बघण्यासारखं काही नाही त्यात. तिन्ही सारख्याच." त्याने रुमाल नाकाला लावला. "सॉरी, सायनस. गारठा लागला की सुरू होतं."

"बुधवारी माल गेला तेव्हा तिसरीचं तापमान काय होतं?"

"नीट होतं. मी सकाळी स्वतः फेरी मारली ना. आकडे तर समोरच दिसतात. चार पॉइंट काहीतरी." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आप्पा माणूस चांगला आहे हो. पण वय झालं. आता गुडघे बोलतात."

आप्पांचे गुडघे काही बोलत नव्हते. ते स्टुलावर ताठ बसले होते आणि समोरच्या टेबलावर त्यांनी किल्ल्यांचा जुडगा आधीच काढून ठेवला होता.

"आप्पा, तिसरीत रोज जाता?"

"दिवसातून चारदा. जाताना एकशे दहा पावलं, येताना एकशे दहा." ते तिच्याकडे बघत म्हणाले. "तुमच्या मशीनने मोजली असतील की."

"मशीन म्हणतं तुम्ही जात नाही."

"मग मशीनचे गुडघे तपासा."

तिला हसू आलं, तिने ते दाबलं. "आणि मंगळवारी? सुट्टीच्या दिवशी पाळी तुमची होती. चार नोंदी आहेत, तुमच्या नावावर."

इथे मात्र आप्पांनी जुडग्यातली एक किल्ली उगाच सरळ केली.

"आप्पा, मंगळवारी तुम्ही इथे होतात का?"

"नाव माझंच आहे ना त्याच्यावर? मग माझ्याच म्हणायच्या."

"मी नाव नाही विचारलं."

"ताई, पाच वाजता कागद येणार आहे. येऊ द्या." आप्पा उठले. "मला जास्त बोलवू नका. कुणाचं तरी नुकसान होईल."

कुणाचं? ऑडिटरबाईने वहीत तो शब्द लिहिला आणि त्याच्याभोवती गोल काढला. रविवारी झोप लागली होती खरी. आता जरा कुठेतरी खडा टोचायला लागला.

३

डिस्पॅच बघणारी बाई पंचवीस-सव्वीसची, एका कानावर फोन आणि दुसऱ्यावर पेन. तिला सगळे डिस्पॅचवाली म्हणायचे.

"आप्पांचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?" ऑडिटरबाईने विचारलं.

"एक ते आठ आकडे ओळीने. अख्ख्या गोदामाला पाठ आहे. गेटवरच्या कुत्र्यालाही माहीत असेल."

"मंगळवारी आप्पा कुठे होते?"

पेन कानावरून खाली पडलं. तिने ते उचलायला नको तेवढा वेळ लावला. वर आली तेव्हा डोळे भरलेले होते.

"त्यांनी सांगितलं नाही?"

"एक अक्षर नाही."

"काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मला म्हणाले, पोरी, माझी पाळी तेवढी तू कर. मी हो म्हटलं. आणि..." तिने बाहेर बघितलं. "मला दुसरीकडे नोकरीचा इंटरव्ह्यू होता. वाटलं, अकरापर्यंत परत येईन. चार वाजले तरी तिथेच बसवून ठेवलं. आलेच नाही मी. बुधवारी साडेदहाला आप्पांना सांगायला तोंड उघडणार, तर ॲपमध्ये बघते तो चारही नोंदी भरलेल्या. मला वाटलं आप्पांनीच माझ्यासाठी भरल्या."

"आणि आप्पांना वाटतंय की तू भरल्यास."

म्हणजे म्हातारा हिच्यासाठी मान पुढे करून बसला होता, आणि ही त्याच्यासाठी गप्प.

"आता मला सांग," ऑडिटरबाई सावकाश म्हणाली, "तिसरीचं तापमान तू कधी वाचलंयस?"

"माझी पाळी आली की. तीन महिन्यांतून एकदा. वैताग असतो. काचेवर वाफ धरते, ओढणीने पुसायची, मान वाकडी करायची, मग दिसतं."

ऑडिटरबाईने तेही लिहून घेतलं. काच. वाफ. मान वाकडी. पहिली-दुसरीच्या मीटरवर कसली वाफ?

"मॅनेजरांची पाळी असते का कधी?"

डिस्पॅचवालीला त्या अवस्थेतही हसू फुटलं. "साहेब? पाहुणे आले की ते पहिलीच्या दारापर्यंत येतात. तेही रुमाल घेऊन."

४

कोल्ड रूमच्या मेकॅनिकला पाना म्हणत. खिशात कायम पाना, दुसरं नाव असलं तरी कुणाला आठवत नव्हतं. तो तिच्याशी बोलताना पाइपवर टकटक करत होता.

"तिसरीचा थर्मोस्टॅट अडकतो. महिन्याभरापूर्वी साहेबांना लिहून दिलंय. दोन दिवस खोली बंद ठेवा, बदलून देतो. साहेब म्हणाले, हॉस्पिटलचं कॉन्ट्रॅक्ट पक्कं होऊ दे, मग."

"अडकला तर काय होतं?"

"कॉम्प्रेसर थांबतच नाही. खोली शून्याच्या खाली जाते. मग आत बर्फ धरतो, कॉम्प्रेसर स्वतःच ट्रिप होतो आणि खोली परत हळूहळू वर येते. कुणी बघितलं नाही तर कळतसुद्धा नाही."

तिने लॅपटॉप उघडला. बुधवारी सकाळी आठची आप्पांची नोंद होती २.०. मंगळवार संध्याकाळची ४.६.

"हे बघ. ४.६ वरून २.० वर आली. खोली थंड होत होती ना?"

पाना वाकला, बघितलं आणि टकटक थांबली. "ताई, हे खाली नाही आलेलं. हे वर चढलंय. मंगळवारी ही खाली कुठेतरी मायनसमध्ये जाऊन आली. तुमची ती चार पॉइंट सहा कुणी वाचली?"

"तेच शोधतेय."

"वाचलीच नसणार. वाचायला तिसरीत जावं लागतं." तो हसला. "तुम्ही तरी गेलात का?"

ती गेली नव्हती. अडीच हजार नोंदी चाळल्या, त्या जिथून आल्या ती खोली बघितली नव्हती. तिचे कान गरम झाले.

"चल," ती म्हणाली. "मालकीणबाईंकडून सील काढून घेते."

सव्वातीन वाजले होते.

५

एकशे दहा पावलं. ऑडिटरबाईने मोजली, एकशे अठरा भरली, पण तिची पावलं लहान होती.

आत शिरल्यावर तिने मीटर शोधला. दारावर काही नव्हतं. पानाने रॅकच्या मागे बोट केलं. भिंतीवर एक गोल, जुनी, पितळी तबकडी. काचेखाली आकडे आणि एक काळा काटा. काचेवर वाफ. तिने बाहीने पुसली, मान वाकडी केली.

चार आणि पाचच्या मध्ये एकच रेघ होती. पाच आणि सहाच्या मध्ये एकच.

ती तिथेच उभी राहिली. दात वाजत होते, तरी तिला थंडी कळत नव्हती.

"याच्यावर अर्ध्या डिग्रीपेक्षा बारीक वाचताच येत नाही," ती म्हणाली.

"कसं येणार? चार, साडेचार, पाच. मी पण तसंच लिहितो. सगळेच."

लॅपटॉप बाहेर दाराशी ठेवलेला होता. ती धावतच आली आणि चाळणीला या वेळी वेगळा प्रश्न विचारला. आप्पांच्या नाही, तिसरीच्या सगळ्या नोंदी काढ, कुणाच्याही असोत. पानाच्या अठ्ठावीस. डिस्पॅचवालीच्या तीस. इतरांच्या नोंदी थोड्या, म्हणून चाळणीने आधी त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं. सगळ्यांच्या शेवटी शून्य नाहीतर पाच. दोन वर्षांत तिसरीत दुसरा आकडा चारच वेळा आलेला. मंगळवारी.

तिची चाळणी बरोबर चालली होती, तिने धरली उलटी होती. खरं वर अडकलं आणि खोटं पिठासारखं खाली गळलं.

"आता एकच राहिलं," ती म्हणाली. "या चार नोंदींवर वेळ मंगळवारची आहे, ती हाताने टाकता येते, पण त्या ॲपच्या मुख्य कॉम्प्युटरला पोचल्या बुधवारी, दहा वाजून दोन मिनिटं ते दहा वाजून पाच. आधी मी ते सोडून दिलं होतं. आत रेंज नाही, नोंदी मोबाईलमध्ये साठतात आणि बाहेर आलं की एकदम जातात, म्हणून."

"आप्पांच्या रोज तशाच जातात. चहाला बाहेर आले की."

"पण बुधवारी दहाला आप्पा कुठे होते?"

पानाने डिस्पॅचवालीला हाक मारली. ती गाडीची पावती घेऊन आली. माल भरणं सुरू नऊ पन्नास, संपलं दहा वीस. खाली दोन सह्या, तिची आणि आप्पांची.

"आम्ही दोघं आतच होतो," ती म्हणाली. "तिसरीत. मोबाईल म्हणजे तिथे नुसता दगड."

म्हणजे आप्पांचा मोबाईल नाही, हिचाही नाही. ऑडिटरबाई पानाकडे वळली. "राहिलास तू."

पाना दचकला. मग म्हणाला, "मी चार पॉइंट तीन लिहीन? या काट्यावर? काच मीच बदलतो याची."

"तेच म्हणतेय. ज्याने लिहिलं त्याने हा काटा आयुष्यात बघितलेला नाही." तिने घड्याळ बघितलं. चार वाजून पस्तीस. "पाना काढ खिशातून. ही तबकडी भिंतीवरून उतरव."

६

मालकीणबाईंच्या टेबलावर पत्र तयार होतं, पेन उघडं. आप्पा भिंतीला टेकून उभे. मॅनेजर खुर्चीत. ऑडिटरबाईने फडक्यात गुंडाळलेली वस्तू टेबलावर ठेवली.

"साहेब, तुम्ही बुधवारी सकाळी तिसरीत फेरी मारलीत?"

"मारली."

"तापमान?"

"सांगितलं ना, चार पॉइंट काहीतरी. समोरच दिसतं."

"आप्पांनी आठला दोन लिहिलंय, अकराला साडेतीन. मधे तुम्हाला चार दिसलं. असो, नजरेचा फरक असेल." तिने फडकं बाजूला केलं. "हा तिसरीचा मीटर. याच्यावर मला चार पॉइंट तीन कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा."

मॅनेजरने तबकडीकडे बघितलं. मग मालकीणबाईंकडे. मग परत तबकडीकडे, जणू कुणी अनोळखी माणूस आपल्या घरात येऊन बसलाय.

"हा... हा तिसरीचा?"

मालकीणबाईंनी पेन बाजूला ठेवलं. त्या एका प्रश्नातच सगळं आलं होतं.

तरी ऑडिटरबाईने सगळं सांगितलं. सोपं करून, बोटांवर मोजत. इथे पाळी करणारा प्रत्येक जण अर्धा-अर्धा मोजतो, कारण काटाच तसा आहे. नोंदी ज्या मिनिटाला पोचल्या तेव्हा आप्पा आणि डिस्पॅचवाली रेंजच्या बाहेर होते. पाना हा काटा हातात घेऊन फिरतो. ॲपमध्ये पाळीच्या यादीत मंगळवारी आप्पांचं नाव होतं, म्हणून भरणाऱ्याने आप्पांचं नाव वापरलं. पाळी बदललीय हे त्याला माहीतच नव्हतं, कारण खाली कोण काय बोलतं हे ऐकायला तो खाली येत नाही.

"बुधवारी अकराला हॉस्पिटलचे लोक आमची स्क्रीन बघायला येणार होते," मॅनेजर शेवटी म्हणाला. रुमाल मुठीत चुरगाळलेला. "मंगळवारचे सगळे रकाने रिकामे, म्हणून लाल होते. मी फक्त लाल घालवलं. खोली गोठलीय हे मला खरंच माहीत नव्हतं."

"तेच तर तो लाल रंग सांगत होता," ऑडिटरबाई म्हणाली. "की मंगळवारी इथे कुणी बघितलेलं नाही, माल पाठवू नका. चाळीस बॉक्स हॉस्पिटलने परत केले. तिसरीतले बाकीचे?"

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. "बाकीचे?"

"एकशे सत्तर," डिस्पॅचवाली दारातून म्हणाली. "नव्वद इथेच आहेत. ऐंशी अकरा दुकानांत गेलेत."

"मग इथे काय उभी आहेस?" मालकीणबाईंनी आप्पांचं पत्र उलटं केलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर दुकानांची यादी लिहायला घेतली. "मॅनेजर, बाहेर बसा. तुमच्याशी नंतर."

सहा वाजेपर्यंत डिस्पॅचवालीने दोन्ही कानांवर फोन लावले. दहा दुकानांनी माल बाजूला काढला. अकरावं उचलत नव्हतं. बाराव्या वेळी एका वैतागलेल्या माणसाने उचललं आणि म्हणाला, "अहो, बॉक्स अजून फोडलासुद्धा नाही, काय आग लागलीय?" तेव्हा ती टेबलावर डोकं ठेवून हसली, का रडली, कुणाला नीट कळलं नाही. आप्पांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"इंटरव्ह्यूचं काय झालं मग?"

"नाही घेतलं त्यांनी, आप्पा."

"अक्कल नाही त्यांना."

ऑडिटरबाई कोपऱ्यात बसून नवा रिपोर्ट लिहीत होती. पहिली ओळ तिने तीनदा खोडली आणि शेवटी साधी ठेवली: रविवारचा माझा निष्कर्ष चुकीचा होता, चूक माझी आहे. मग चाळणीत एक नवा रकाना जोडला. नोंद कुणी केली, कधी केली, हे आधीच होतं. आता तिसरं: कशावर वाचली.

पानाने खोक्यातून हिरव्या आकड्यांचा नवा मीटर काढला. तिसरीच्या दारासाठी, थर्मोस्टॅटसकट, आजच्या आज, असा मालकीणबाईंचा हुकूम होता. जुनी तबकडी त्याने भंगाराच्या टोपलीकडे नेली.

"ए, तिकडे कुठे?" ऑडिटरबाई उठली. "साक्षीदार आहे तो. जिथून काढलास तिथे लाव."

आप्पांनी तबकडी पानाच्या हातून घेतली, काच शर्टाच्या टोकाने पुसली, मान वाकडी करून डोळ्यांजवळ धरली.

"इथे बाहेर किती दाखवतोय?" तिने विचारलं.

"साडेसव्वीस," आप्पा म्हणाले, आणि किल्ल्यांचा जुडगा उचलून मागच्या टोकाकडे चालायला लागले.